नायट्रो म्हणून विकलेला रंग : घरी गिटार रंगवणाऱ्यांनी वाचावं असं

‘नायट्रो तीन-चार आठवडे तरी सुकू द्या, तोवर हात लावू नका.’ गिटारसाठी नायट्रो, म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर हा चकचकीत लेप, विकणारा कुणीही हे सांगेल, आणि त्यात खोटं काही नाही. मला ज्याने गंडवलं त्याचा सगळा धंदा याच एका खऱ्या वाक्यावर चालला होता. कारण माल परत करायची मुदत त्याच्या कितीतरी आधी संपते.

घरी गिटार रंगवायला निघालेला माणूस नेमका इथेच सापडतो. नायट्रो काही मिनिटांत हाताला कोरडं लागतं, पण आत अडकलेला सॉल्व्हंट (रंग पातळ ठेवणारा द्रव) पुढे आठवडेच्या आठवडे उडत राहतो आणि थर आक्रसत जातो. घाई करून घासायचा पॉलिश पेपर मारला, तर आज सपाट दिसणारा भाग महिन्याभराने लाकडाच्या रेषांत बसलेला दिसतो. म्हणून या कामाची थोडीफार माहिती असलेला माणूस निमूट थांबतो. सुरुवातीला काही खटकलं तरी ‘अजून ओलं असेल’ म्हणून गप्प बसतो. ज्याला काहीच माहीत नाही तो एखादवेळेस पहिल्याच दिवशी भांडेल आणि पैसे वसूल करेल!

माझी इलेक्ट्रिक गिटार फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरच्या घाटाची. बॉडी आल्डर लाकडाची, वर पॉलिएस्टरचा काळा, जाडजूड थर. पॉलिएस्टर थिनरला दाद देत नाही. हीट गनने तापवून, खरवडून त्याचे कपचे काढावे लागतात. ते किचकट काम उरकलं, पेपर मारून लाकूड गुळगुळीत केलं आणि रंग ठरवला लेक प्लॅसिड ब्लू. मग एका विक्रेत्याचं तयार किट दिसलं. लाकडाची छिद्रं बुजवणारा सीलर, निळा रंग, वरचा पारदर्शक हात म्हणजे क्लिअर, वॉटर पेपर, पॉलिश, मास्क, सगळं एकाच खोक्यात. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘१९६० च्या दशकातला मूळ फॉर्म्युला, शंभर टक्के नायट्रो.’

आता गंमत अशी की फेंडरचे त्या काळातले खास रंग मोटारींसाठी बनलेले असत. त्यातला लेक प्लॅसिड ब्लू १९५८ च्या कॅडिलॅक गाड्यांचा, आणि तो ड्यू पाँटच्या ल्यूसाइट या अ‍ॅक्रिलिक लॅकरमध्ये होता. म्हणजे ‘मूळ फॉर्म्युला’ आणि ‘शंभर टक्के नायट्रो’ हे दोन्ही एकाच डब्यात असूच शकत नाही. मी विचारलंही. उत्तर आलं, ‘सर, आमचा रिसर्च वेगळा आहे.’ निळा अ‍ॅक्रिलिक निघाला असता तरी माझी हरकत नव्हती. मला वरचं क्लिअर नायट्रो हवं होतं, आणि ते नायट्रोच आहे असं त्याने लेखी दिलं.

नायट्रोने लाकूड ‘श्वास घेतं’ आणि आवाज खुलतो, हेही त्याने ऐकवलं. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज मुख्यतः तारा आणि पिकअप (तारांचं कंपन टिपणारी चुंबकं) ठरवतात. खुद्द फेंडरने १९६० च्या दशकात लॅकरखाली फुलरप्लास्ट नावाचं टणक सीलर मारलं होतं, तेव्हा त्या श्वासाचं काय झालं असेल कोण जाणे. मला नायट्रो हवं होतं ते दिसण्यासाठी. ते पातळ बसतं, काळानुसार पिवळसर पडतं आणि खरचटलं तर नव्या हातात सहज मिसळून जातं.

पार्सल आलं. खोक्यावर ‘हस्तकला साहित्य’ एवढंच. ज्वालाग्राही मालाची लाल चौकट कुठेही नाही. नायट्रोसेल्युलोज झटकन पेट घेतं. त्याचं लॅकर वाहतुकीत वर्ग ३ चा ज्वालाग्राही द्रव मानतात आणि स्प्रे कॅन वर्ग २ मध्ये जातात. त्या खुणेशिवाय आलेल्या खोक्याचे दोनच अर्थ निघतात. एक तर आत नायट्रो नाही, नाहीतर पाठवणाऱ्याने वाटेतल्या सगळ्यांचा जीव धोक्यात घातलाय.

सोबतचा मास्क पाहून मात्र माझं डोकंच फिरलं. साधा धुळीचा कापडी मास्क, वर ‘पेंट सेफ’ असं छापलेलं. धूळ अडवणारं कापड सॉल्व्हंटची वाफ अडवत नाही. त्याला कार्बनच्या कार्ट्रिजचा, सेंद्रिय वाफांसाठी असलेला रेस्पिरेटर लागतो. माझ्याकडे तो होता. ज्याच्याकडे नसेल तो हे फडकं बांधून बंद खोलीत फवारत बसणार.

सीलर आणि निळा ठीक बसले. क्लिअर मारताना वास वेगळा वाटला. नायट्रोचा वास तीव्र, गोडसर आणि लवकर विरणारा असतो. हा तेलकट होता आणि दिवसभर रेंगाळला. विक्रेत्याला कळवलं. त्याचं उत्तर, ‘सर, धीर धरा. नायट्रोला वेळ द्यावाच लागतो.’ दिला.

महिन्याभराने १००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून बॉडीच्या वरच्या शिंगासारख्या टोकाजवळ फिरवायला घेतला. पाणी पुसलं, बॉडी दिव्याखाली तिरकी धरली, तर निळ्यावर फिकट कडी दिसत होती, एकात एक, नकाशातल्या डोंगराच्या उंचीरेषांसारखी. पेपर आणखी फिरवला की कडी सरकायची, पण जायची नाहीत. नायट्रोत हे व्हायला नको. त्याचा प्रत्येक नवा हात खालच्या हाताला किंचित विरघळवतो आणि सगळे हात मिळून एकच थर होतो. इथे हात एकावर एक नुसते रचले गेले होते, आणि वरचा घासून खालचा उघडा पडला की त्याची कड दिसत होती.

मग नेक पॉकेटमध्ये, म्हणजे गिटारची दांडी (नेक) बसते त्या खाचेत, जिथे नेक बसल्यावर काही दिसत नाही, तिथे अ‍ॅसिटोनचा बोळा टेकवला. नायट्रो असतं तर लगेच चिकट होऊन बोळ्याला लागलं असतं. हा थर सुरकुतला आणि पापुद्र्यासारखा उचलला गेला. एक लक्षात ठेवा, अ‍ॅक्रिलिक लॅकरही अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतं, त्यामुळे बोळ्याला लागलं म्हणजे नायट्रोच असं नाही. पण लागलंच नाही, तर ते नायट्रो नक्की नाही.

उरलेला पुरावा आपसूक मिळाला. ओला हातमोजा क्लिअरच्या कॅनला लागला आणि त्यावरच्या देखण्या स्टिकरचा कोपरा सुटला. सोलत गेलो तर खालून कॅनवर छापलेला मूळ मजकूर निघाला : सर्वसाधारण वापराचं क्लिअर एनॅमल. शेजारी सायकल आणि बागेतल्या खुर्चीचं चित्र. न उघडलेला दुसरा कॅन सोलला, तिथेही तीच सायकल, तीच खुर्ची.

स्टिकरचं सांगण्याआधी मी विक्रेत्याला फक्त रेषांचा फोटो पाठवला. त्याने दमट हवेला दोष दिला. दमट हवेत नायट्रोवर पांढुरकी झाक येते, हे खरंय. रेषा येत नाहीत. ऐकीव माहिती भलत्या जागी चिकटवणं ही त्याची खासियत. मग सोललेल्या कॅनचा फोटो पाठवला आणि त्याने मला ब्लॉक केलं. विक्रीच्या संकेतस्थळाने ‘मुदत संपली, माल वापरलेला’ म्हणून तक्रार बंद केली.

थोडे पैसे परत आले ते पेमेंट कंपनीकडून. तिथे ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’ असा दावा करता येतो आणि त्याची मुदत बहुधा विक्रेत्याच्या मुदतीपेक्षा लांब असते. तिथे माझ्या शब्दांना कुणी विचारलं नाही. न उघडलेला कॅन, अर्धवट सोललेला स्टिकर आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट, या तीन फोटोंवर काम झालं. विक्रेत्याने सुरुवातीला ‘थेट पैसे पाठवा, सूट देतो’ असंही म्हटलं होतं. तसे पाठवले असते तर तोंडाला पानंच पुसली गेली असती.

आता कुणाकडूनही नायट्रो घ्यायचं असेल, तर आधी त्याचं सेफ्टी डेटा शीट, म्हणजे आतल्या रसायनांची आणि धोक्यांची माहिती देणारा कागद, मागतो. त्यात नायट्रोसेल्युलोज हे नाव आणि ९००४-७०-० हा त्याचा कॅस क्रमांक (रसायनाचा ओळख क्रमांक) दिसायला हवा. खरा विक्रेता ते कुरकुर न करता पाठवतो. आणि डबा आला की गिटारला हात लावण्याआधी काचेच्या तुकड्यावर एक पट्टा मारून ठेवतो, दोन-तीन दिवसांनी त्यावर अ‍ॅसिटोनचा बोळा टेकवतो. गिटारवरचा थर सुकायला महिना लागू दे. काचेवरच्या पट्ट्याची परीक्षा परतीच्या मुदतीत सहज बसते. बोळा टेकवून होईपर्यंत एक कॅन सीलबंद राहू द्यावा.

बॉडी पुन्हा लाकडापर्यंत खरवडली आहे. एनॅमल पॉलिएस्टरइतकं चिवट नाही, पण अर्धवट मऊ होऊन पेपर भरून टाकतं, त्यामुळे वैताग तेवढाच.

तो विक्रेता नव्या नावाने परत आलाय. चौकड्यांच्या चादरीवर ठेवलेली निळी गिटार, पिकगार्डचा (तारांखालच्या प्लास्टिकच्या पट्टीचा) एक स्क्रू गायब, हा फोटो दिसला तर समजा तोच. या वेळी डब्यांवर ‘जुन्या पद्धतीचं शेलॅक’ असं लिहिलंय. शेलॅक, म्हणजे लाखेचं पॉलिश, स्पिरिटमध्ये विरघळतं, तेव्हा घेणाऱ्याने अ‍ॅसिटोनऐवजी स्पिरिटचा बोळा वापरावा, आणि त्याआधी स्टिकरचा कोपरा नखाने उचलून पाहावा.