गांधीबागेतलं ‘ओरिजिनल’ मिंक ब्लँकेट

नागपूरच्या गांधीबाग बाजारातलं डबलबेडचं ब्लँकेट, घासाघीस करून अठराशेला. दुकानाचं नाव देत नाही, कारण त्या ओळीत सगळे तेच विकतात आणि तेच सांगतात: "हात लावून पाहा न मॅडम, ओरिजिनल मिंक आहे!" मी ज्युनिअर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, त्यामुळे राहवलं नाही. मिंक म्हणजे काय हो दादा? "कंपनी आहे न, कोरियाची."

आतली पट्टी उलटली. शंभर टक्के पॉलिस्टर, पानिपत.

खरा मिंक आपल्या पेंचमधल्या पाणमांजराच्या कुळातला. अमेरिकन मिंक मांजरीपेक्षा लहान, लांबुडका. उत्तर अमेरिकेत नदी-ओढ्यांच्या काठाने मासे, बेडूक, उंदीर मारून खातो. अंगावर केसांचे दोन थर: वर लांब, चकचकीत, पाणी आत न शिरू देणारे, आणि खाली दाट मऊ लव. या कातड्यासाठीच त्याला जाळीच्या पिंजऱ्यात वाढवतात. एका लांब कोटात पन्नासेक जीव जातात. 2020 मध्ये मिंकांमधून कोरोनाचा बदललेला विषाणू पसरायला लागला, तेव्हा डेन्मार्कने आपले दीड कोटीहून जास्त मिंक संपवायचा हुकूम काढला. भारतात तर मिंकच्या कातड्यांच्या आयातीवर 2017 पासून बंदी आहे. दादांचं म्हणणं खरं असतं तर मी ते घेतलंच नसतं.

आता पानिपतच्या मिंकबद्दल. ऊब जबरदस्त. जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला तरी आत पाय गरम. पण घाम शोषत नाही, पहाटे मान चिकचिकते. आतून सुती चादर घ्या. कोरड्या हवेत अंधारात ओढलं की चट्‌चट् ठिणग्या उडतात, आमचा मुलगा त्यासाठी मुद्दाम लाइट बंद करतो. शेकोटीजवळ अजिबात नेऊ नका, निखारा उडाला की वितळून भोक पडतं.

धुणं म्हणजे शिक्षा. घरच्या मशीनमध्ये मावत नाही, टपात पायाने तुडवावं लागतं, पिळायला दोघं लागतात. पहिल्या धुण्यात इतके तंतू निघाले की गच्चीवरची मोरी तुंबली. एका कोपऱ्याची साटीनची गोटही उसवली. वाळतं मात्र एका उन्हात, नागपूरच आहे शेवटी.

मरून रंगावर परातीएवढी गुलाबाची फुलं आहेत, त्याला इलाज नाही. साधं डिझाइन मागितलं तर "ते चालत नाही मॅडम" म्हणतात. घ्यायचंच असेल तर पिशवीतून काढून काट्यावर ठेवायला लावा. माझ्या ब्लँकेटचं छापलेलं वजन पिशवी अन् पुठ्ठ्यासकट निघालं.