जुनी फॅमिली एसयूव्ही: डिझेल की पेट्रोल? दोन्ही सांभाळून झाल्यावर

मिडसाइज एसयूव्ही सेकंडहँडच घ्यायची हे घरात एकदा ठरलं की पुढचा घोळ इंजिनचा. मी दोन्ही घोळ घालून झालोय. आधी डिझेल, साधारण तीन वर्षं, आणि आता पेट्रोल, तिचंही दुसरं वर्ष संपत आलंय. आकार जवळपास तोच, वापर तोच, बसणारी माणसं तीच. त्यामुळे पॉवर, डिकी, फीचर्स यांचं कोष्टक मांडत नाही, ते तुम्ही आधीच पाठ केलं असणार. सांभाळताना काय होतं तेवढंच लिहितो, मोजमाप वगैरे नाही, आपला अनुभव.

दोघींना सारखं जे आहे ते आधी उरकून टाकू. गाडी वजनदार, त्यामुळे खालचं, सस्पेन्शनचं काम निघणारच. लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश, स्ट्रट माउंट, एखादं व्हील बेअरिंग. खराब रस्त्यावर हळू चालवताना टकटक आवाज आला तर आधी लिंक रॉड हलवून बघायला सांगा, माझ्या दोन्ही गाड्यांत तोच निघाला, आणि आवाज ऐकल्या ऐकल्या सगळं सस्पेन्शन बदलू म्हणणाऱ्याला जरा थांबवा. ऑल व्हील ड्राइव्ह असेल तर चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखेच झिजलेले हवेत, दोन नवे दोन गुळगुळीत असं केलं की चाकांच्या फेऱ्यांत फरक पडतो आणि पुढच्या-मागच्या चाकांना जोडणारं मधलं कपलिंग विनाकारण तापत राहतं. टायरच्या बाजूवर तारखेचे चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा, नक्षी खोल दिसते म्हणून टायर नवा असं नसतं. आणि सनरूफ असेल तर कार्पेटवर तळहात दाबून बघा. छताच्या कोपऱ्यांतून बारीक नळ्या खाली उतरतात, त्यात कचरा अडकला की पाणी डोक्यावर नाही पडत, गुपचूप पायाखाली जमतं. आत परफ्यूम फारच मारलेला असेल तर जरा जास्तच दाबून बघा.

आता डिझेल. खोटं कशाला बोलू, चालवायला मला डिझेलच आवडली. पाच माणसं, मागे बॅगा ठासून भरलेल्या, चढ लागला, तरी गिअर न बदलता गाडी ओढत राहते, ते सुख पेट्रोलमध्ये नाही. हायवेला टाकीचा काटा लवकर हलत नाही. इंजिन स्वतः दणकट, ऑइल वेळेवर बदललं तर त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. तक्रार सगळी इंजिनच्या भोवती जे लटकवलेलं असतं त्याची. ईजीआर व्हॉल्व्हमधून धूर परत इंजिनात फिरतो, त्यातली काजळी आणि ऑइलची वाफ मिळून इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत जाते त्या वाटेत, डांबरासारखा थर बसतो. टर्बोमधली हलती पाती काजळीने अडकतात. इंजेक्टरना १,६०० ते २,००० बारच्या घरातलं प्रेशर सांभाळायचं असतं, त्यामुळे भेसळीचं किंवा पाणी असलेलं डिझेल त्यांना अजिबात खपत नाही. मॅन्युअल असेल तर ड्युअल मास फ्लायव्हील, म्हणजे इंजिनचे हादरे गिळणारी दोन भागांची जड चकती, इंजिन बंद करताना खडखड झाली की ती गेली समजायचं. हे सगळं एकदम होत नाही, आणि यातलं प्रत्येक काम मला परवडलं असतं असंच अजून वाटतं.

मला हरवलं ते एका नारिंगी दिव्यानं.

झालं असं की मी घेतली तेव्हा गाडी पाच वर्षांची आणि मीटरवर जेमतेम ३५ हजार किलोमीटर. मी जाम खूश, सगळ्यांना सांगत सुटलो की बघा, गाडी चाललेलीच नाही. ती चाललेली नव्हती हेच तर दुखणं होतं. वर्षाला सात हजार म्हणजे शाळा, दुकान, घर, इंजिन पुरतं गरम होण्याआधी बंद. प्रदूषणाचा नियम युरो-५ असो की बीएस-६, त्यापुढच्या डिझेलला डीपीएफ आलाच, सायलेन्सरच्या वाटेत बसवलेला काजळी पकडणारा फिल्टर. साठलेली काजळी तो अधूनमधून जाळून टाकतो, त्याला रीजनरेशन म्हणतात, त्यासाठी आत साधारण ६०० अंश सेल्सियस तापमान लागतं आणि ते गाठून टिकवायला सलग चालवणं लागतं, दहा-वीस मिनिटं तरी. माझं ऑफिस घरापासून चार किलोमीटर! म्हणजे आधीच्या मालकाने अर्धा भरून दिलेला फिल्टर मी उरलेला भरायला घेतला.

सुरुवातीला मला कळायचंच नाही काय चाललंय. पार्किंगमध्ये गाडी बंद करायची आणि पुढचा फॅन पाच-सात मिनिटं भणाणत राहायचा, जळका वास यायचा, काही दिवशी आयडलला आरपीएम थोडा वर असायचा. मी समजायचो, एसीमुळे असेल. ते रीजनरेशन चालू असताना मी चावी काढत होतो. मग दिवा. मग एक दिवस दिव्याशेजारी दुसरा दिवा आणि गाडी लिंप मोडमध्ये, अ‍ॅक्सिलरेटर दाबा नाहीतर नका दाबू, ती आपल्याच चालीने चालणार.

मेकॅनिकने पहिलं काय केलं असेल तर डिपस्टिक काढून माझ्या नाकाखाली धरली. ऑइल मॅक्सच्या खुणेच्या बोटभर वर, पातळ, आणि त्याला डिझेलचा वास. मी म्हटलं, अहो ऑइल वाढतं कसं, कमी होतं ना? तर फिल्टर तापवायला ज्यादाचं डिझेल सिलिंडरमध्ये उशिरा मारलं जातं, रीजनरेशन दर वेळी अर्धवट तुटलं की प्रयत्न वाढतात आणि त्यातलं थोडं थोडं डिझेल भिंतीवरून ओघळून खाली ऑइलमध्ये उतरत राहतं. पातळ ऑइलवर टर्बो आणि बेअरिंग चालणार म्हणजे पुढचा खर्च आपणच पेरतोय. ऑइल बदललं, स्कॅनर लावून गॅरेजमध्येच रीजनरेशन करवलं, प्रेशर सेन्सरची रबरी नळी तडकली होती ती बदलली, गाडी पुन्हा ठणठणीत.

पण माझं ऑफिस काही लांब गेलं नाही ना. त्यानंतर सुरू झालं ते खरं वैतागवाणं. दिवा लागला की रात्री जेवण झाल्यावर गाडी काढायची, मोकळ्या रस्त्याला लागायचं, खालच्या गिअरमध्ये आरपीएम दोन-अडीच हजारांवर धरून वीस-पंचवीस मिनिटं जायचं आणि तसंच परत यायचं. कुठं जायचं नाही, काही आणायचं नाही, नुसतं इंधन जाळायला. बायको दारातून विचारायची, "गाडीला फिरवून आणायला चाललास का?" कुत्रा पाळलाय असंच तिला वाटायचं, आणि खरं सांगतो कुत्रा बरा, त्याला निदान आनंद होतो. एकदा घरात आजारपण होतं, रोज उशिरा यायचो, दिवा पाच दिवस तसाच राहिला आणि त्या पाच दिवसांत गाडीकडे बघायची इच्छाच गेली. तिथंच ठरलं माझं.

इथं एक सांगायला हवं, काजळी जळते पण राख जळत नाही. राख येते ती ऑइलमधल्या अ‍ॅडिटिव्हमधून, ती कायमची साठते, आणि एका टप्प्याला फिल्टर काढून धुवावा किंवा बदलावाच लागतो. म्हणून कमी राखेचं, कंपनीने सांगितलेल्या स्पेकचंच ऑइल, तिथं काटकसर नको. आणि डीपीएफ काढून टाकू, इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून मॅप मारू असं सांगणारे भेटतील, मला पण भेटले. बहुतेक ठिकाणी ते बेकायदा आहे आणि आपल्यामागे चालणाऱ्याच्या नाकात ती काजळी जाते, मी नाही केलं.

पेट्रोलची गाडी घेतली ती मुद्दाम टर्बो नसलेली, पोर्ट इंजेक्शनवाली, म्हणजे पेट्रोल इनटेकमध्ये फवारणारी. सांभाळायला ती कंटाळवाणी आहे आणि मला तेच हवं होतं. दोन वर्षांत ऑइल, फिल्टर, प्लग, कूलंट, एक बॅटरी, आणि एक इग्निशन कॉइल, प्लगला ठिणगी पुरवणारी. त्या कॉइलची गंमत सांगतो. सकाळी गाडी थरथरायला लागली, चेक इंजिन लॅम्प लुकलुकायला लागला. लुकलुकत असेल तर गाडी तशीच दामटायची नाही, न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो भाजतो. माझ्याकडे गाडीचे दोषाचे कोड वाचणारा साधा ओबीडी स्कॅनर होता, कोड आला पी०३०२, म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर मिस, नीट पेट घेत नाही. इंजिन थंड होऊ दिलं, दोन आणि तीनच्या कॉइलची अदलाबदल केली, कोड पुसला, परत चालू केली, पी०३०३ आला. म्हणजे दोष कॉइलसोबत सरकला, प्लग आणि इंजेक्टर निर्दोष. अर्ध्या तासात निकाल, हातात एक स्पॅनर. डिझेलच्या तीन वर्षांत मला असं एकदाही जमलं नव्हतं.

सगळ्या पेट्रोल अशा नसतात हे मान्य. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, इनटेक व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि त्यावर कार्बन बसतो, थंड असताना गाडी खोकल्यासारखी करते, मग अक्रोडाच्या टरफलांचा भुगा मारून ते साफ करावे लागतात (हो, खरंच). टर्बो पेट्रोलला ऑइल उशिरा बदललेलं चालत नाही. आणि पेट्रोल पिते, शहरात तर बघवत नाही, भरल्या गाडीने चढावर एसी चालू असला की मी अजूनही गिअर खाली टाकताना ओठ आवळतो. महिन्याच्या हिशेबात डिझेल जिंकत असेलही. माझ्या त्या रात्रीच्या फेऱ्या कुणी हिशेबात धरत नाही एवढंच.

तरी तुमचा रोजचा रस्ता लांब आणि मोकळा असेल तर मी डिझेलला नाही म्हणणार नाही. फक्त कमी चाललेली बघून हुरळू नका, हायवेवर ८० हजार झालेली कदाचित जास्त तब्येतीची असेल. थंड इंजिनवर जा, आधी डिपस्टिक काढा, वास घ्या. स्कॅनरवर काजळीचं प्रमाण, राखेचं प्रमाण आणि शेवटचं रीजनरेशन किती किलोमीटरपूर्वी पूर्ण झालं हे बऱ्याच गाड्यांत दिसतं, दाखवायला सांगा. धूर साफ करायच्या युरियाची टाकी असेल तर तोंडाशी पांढरे खडे जमलेत का बघा. विकणारा म्हणाला "अहो फक्त मुलांना शाळेत सोडायला वापरली", तर चहा पिऊन घरी या.

माझी डिझेल मी एका फिरतीच्या नोकरीवाल्याला विकली, सगळं सांगून, दिव्यासकट. त्याचा परवा फोन आला होता, आठवड्याला सहज हजारभर किलोमीटर होतात त्याचे. दिव्याचं विचारलं तर म्हणाला, "कुठला दिवा?"