डक्ट टेपचं घरगुती पाकीट: नऊ महिने वापरल्यावर

शंभराची जुनी नोट काढताना टरकन फाटली, तेव्हाच ठरवलं की या पाकिटाबद्दल लिहायचं. मे महिना, सोलापूरचं ऊन, भाजी मंडई. नोटेची वरची कड पाकिटाच्या तोंडाशी चिकटून बसली होती आणि मी घाईत ओढली. भाजीवाल्या मावशींनी ती घेतली नाही. त्यांचं बरोबरच होतं.

पाकीट नोव्हेंबरात घरीच केलं. त्याआधी साडेसातशे रुपये मोजून घेतलेलं 'अस्सल लेदर' वर्षाच्या आत सोलायला लागलं, खिशात रोज काळे पापुद्रे. दुकानदार म्हणाला, "वापरलेल्या मालाची गॅरंटी नसते." वापरायलाच घेतलेल्या वस्तूबद्दलचं हे उत्तर मला तेव्हा पटलं नव्हतं, आजही पटत नाही. हार्डवेअरच्या दुकानातून ४८ मिलिमीटर रुंदीचा राखाडी डक्ट टेप, म्हणजे कापडाच्या जाळीची जाड चिकटपट्टी, एकशे ऐंशी रुपयांना आणला. निम्म्याहून जास्त रीळ अजून शिल्लक आहे. मागताना मात्र नीट सांगा, नाहीतर एसीच्या डक्टला, म्हणजे हवेच्या नळीला, लावतात तो चकचकीत ॲल्युमिनियमचा टेप हातात पडतो. तो दुमडला की चिरतो.

बनवायची रीत बहुतेकांना माहीत असेल: पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवून दोन चादरी करायच्या आणि चिकट बाजू समोरासमोर ठेवून जोडायच्या. मी कडप्प्याच्या ओट्यावर स्टीलची पट्टी धरून कटरने कापलं. पाचशेची नोट १५० बाय ६६ मिलिमीटर, म्हणून नोटांचा कप्पा आतून ७ सेंटिमीटर उंच ठेवला. कार्डं साधारण ८६ बाय ५४ मिलिमीटर, त्यांना ९ सेंटिमीटर रुंद कप्पे. घडीवर भेग नाही, शिवण नाही म्हणून उसवणं नाही. एप्रिलपर्यंत मी भेटेल त्याला हे पाकीट करायला सांगत होतो.

पण कडेचा गोंद! चादर कापली की दोन थरांमधला गोंद कडेला उघडा पडतो. थंडीत तो दिसतही नाही. उन्हाळ्यात मऊ होतो आणि दोऱ्याएवढा बाहेर येतो, त्याला खिशातली कापसाची लव चिकटते, धूळ चिकटते, आणि पाकिटाला भोवताली काळी, ओशट किनार तयार होते. शिवाय मागच्या खिशात ठेवून दिवसभर बसलं की पट्ट्या जागच्या सरकतात आणि प्रत्येक सांध्यावर मिलिमीटरभर चिकट रेघ उघडी पडते. एटीएम कार्ड त्या रेघेला धरून बसतं. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत १९९८ साली गरम हवेच्या डक्टवर बरेच टेप तपासले होते, त्यात नापास झाला तो नेमका डक्ट टेप. मे महिन्यात त्या पाकिटाला हात लावल्यावर मला त्याचं नवल वाटत नाही. फाटलेल्या नोटेचं कारणही हेच. जुनी शंभराची नोट ७३ मिलिमीटर उंच आहे, नवी ६६. माझ्या कप्प्यातून जुनी तीन मिलिमीटर वर येते आणि बरोबर त्या गोंदाला जाऊन टेकते.

मी कडा खोबरेल तेलाने पुसल्या. गोंद निघाला, पण तेल जास्त झालं आणि एका कोपऱ्याचे थर सुटले. तो कोपरा कापून नव्याने जोडावा लागला. टाल्कम पावडर लावली, चार दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच.

इथपर्यंत मेअखेरीस लिहिलं होतं, आणि 'उन्हाळ्याच्या गावात हे पाकीट करू नका' असं शेवटचं वाक्यही तयार होतं. ते खोडलं.

आईने पाकीट हातात घेऊन कड चाचपली आणि विचारलं, "अरे, याला गोट का नाही लावलास?" ती जन्मभर गोधड्या शिवत आली आहे. गोधडीची कड कुणी उघडी ठेवत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. डक्ट टेपमध्ये प्लास्टिकखाली कापडाची जाळी असते, त्यामुळे तो उभाही हाताने सरळ फाटतो. त्याच्या बारा मिलिमीटरच्या पट्ट्या फाडल्या आणि प्रत्येक कडेवर अर्धी बाहेर, अर्धी आत दुमडून नखाने दाबत नेल्या. कोपऱ्यावर पट्टी तिरकी कापली. वरून चिमूटभर पावडर.

ही कापडाची जाळी किती कामाची आहे ते तेव्हा बोटांना कळलं. या टेपची गोष्टही कापडापासूनच सुरू होते. १९४३ साली अमेरिकेत इलिनॉयच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात वेस्टा स्टाउट नावाच्या बाई कामाला होत्या. काडतुसांच्या खोक्यांची कागदी पट्टी ओढताना फाटते, तिथे कापडी टेप वापरा, असं पत्र त्यांनी थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना लिहिलं. त्यांची दोन मुलं नौदलात होती.

जूनचं उरलेलं ऊन गोटाने निभावलं. किनार काळी झाली नाही, कार्ड सुळकन निघतं. जुलैत कोल्हापूरला स्कूटरवर असताना गंगावेशीपासून बिंदू चौकापर्यंत धो धो पावसात भिजलो. पँट पिळून काढावी लागली, पाकिटातल्या नोटा कोरड्या. फक्त तोंडाशी असलेल्या एका पावतीचं टोक ओलं झालं होतं.

आता भाच्यासाठी एक करतोय. जुन्या शंभरासाठी आतली उंची ८ सेंटिमीटर धरली आहे, आणि वरच्या तोंडाला गोट आधी लावून मगच बाजू बंद करतोय, कारण बाजू बंद झाल्या की आतून बोट नीट फिरत नाही.