उपासनेसाठी संगीत रचायचंय: वाशीत शिकावं की स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजला जावं?

ठाणे-नवी मुंबईतल्या चर्चच्या मंडळ्यांत पेटीवर किंवा कीबोर्डवर बसणारे, नाताळ-पुनरुत्थानाला स्वतः चाली लावणारे बरेच तरुण पदवी हातात पडली की एकाच जागी अडतात. ख्रिस्ती उपासनेचं संगीत पद्धतशीर शिकायचं, नुसतं वाजवायचं नाही तर रचायचं, तर पदव्युत्तर शिक्षण कुठे घ्यावं? घरचे विचारतात, खर्च किती? पाळकसाहेब विचारतात, परत येणार ना? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण त्यांच्याही आधीचा प्रश्न वेगळा आहे: तुमच्या रचना गाणार कोण? मराठी मंडळी गाणार असतील, तर पाया इथेच घाला आणि परदेशाचा विचार त्यानंतर करा, असं माझं ठाम मत आहे. इंग्रजी क्वायरसाठी, म्हणजे चर्चच्या गायकवृंदासाठी, लिहायचं असेल, तर हिशेब जवळजवळ उलटा होतो.

आपल्याकडे दोन्ही वारसे एकाच गावात नांदतात. ठाण्याच्या सेंट जेम्स चर्चचं समर्पण १८२५ साली बिशप रेजिनाल्ड हेबर यांच्या हस्ते झालं. 'होली, होली, होली' हे जगभर गायलं जाणारं स्तोत्र त्यांचंच, आणि ते आज ज्या चालीवर गातात ती जॉन डाइक्स यांची, १८६१ची. दुसरीकडे फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओवीत रचलेलं ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग-भजनांतून मराठी उपासनेला तिचा आवाज दिला. एकाच रविवारी, एकाच छपराखाली, आधी चार आवाजांचं इंग्रजी स्तोत्र आणि मग टाळ-तबल्यावर टिळकांचं भजन होतं. रचनाकाराला या दोन्हींतलं काय पेलायचंय, त्यावर पुढचं सगळं ठरतं.

घोडं कुठे अडतं ते एका उदाहरणावरून पाहा. समजा, तुम्ही भूप रागात एक भजन बांधलंत: सा रे ग प ध, मध्यम-निषाद वर्ज्य. आता क्वायरसाठी त्याला चार आवाज द्यायचेत. सा-ग-प हा पहिला कॉर्ड, म्हणजे एकत्र लागणाऱ्या स्वरांचा गट, बिनधास्त बसतो. पण पाश्चात्त्य पद्धतीने पुढे गेलात की चौथ्या कॉर्डला म-ध-सा लागतात आणि पाचव्याला प-नी-रे. म्हणजे आल्टो किंवा टेनर या मधल्या आवाजांच्या तोंडून मध्यम आणि निषाद आले. चाल तीच राहते, पण भूप संपला. कानाला गोड लागतं म्हणून बरेच जण हे चालवून घेतात. मला ते पटत नाही. यातून वाटा आहेत: बासला, म्हणजे सर्वांत खालच्या आवाजाला, सा-पचा धरलेला स्वर द्यायचा, आल्टोला पाचच स्वरांतली दुसरी ओळ द्यायची, किंवा बायकांच्या ओळीला पुरुषांनी मागून तीच ओळ घेऊन जोडायची. पण या वाटा सुचायला राग अंगात मुरलेला हवा आणि काउंटरपॉइंटही (स्वतंत्र चाली एकत्र गुंफण्याचं तंत्र) हाताखालून गेलेला हवा. छंदाचंही तसंच. मोठ्या अभंगाचे चरण सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे. इंग्रजी स्तोत्राच्या ठरीव चौकटीत तो कोंबला की शेवटच्या चार अक्षरांना उगाच ताणावं लागतं आणि अभंगाची चाल लंगडते.

म्हणून पहिला पर्याय इथलाच, आणि तो जोडून घ्यावा लागतो. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं वाशीतलं केंद्र ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये बसलात की समोरच. पंडित विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला लावलेल्या रोपाचाच हा विस्तार. प्रारंभिकपासून विशारद आणि पुढे अलंकारपर्यंतच्या त्यांच्या परीक्षा तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी शाळेपासून दिल्याही असतील. विशारद अर्धवट सुटलं असेल तर आधी ते पुरं करा. विद्यापीठाची पदवी हवी असेल तर मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग आहे, मुलींसाठी एसएनडीटी आहे, आणि पुण्यात राहायची तयारी असेल तर ललित कला केंद्र. थिऑलॉजीची, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्राची, बाजू नोकरी सांभाळूनही भरता येते. बंगालमधल्या सेरामपूरच्या, थिऑलॉजीच्या पदव्या देणाऱ्या सिनेटचा बॅचलर ऑफ ख्रिश्चन स्टडीज हा अभ्यासक्रम बाहेरून करता येतो. पूर्णवेळ शिकायचं असेल तर पुण्यात बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, आणि कॅथलिकांसाठी ज्ञानदीप ही धर्मशास्त्राची संस्था. (ज्या सेरामपूरच्या विल्यम केरींनी १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं, तिथूनच आपल्या थिऑलॉजीच्या पदव्या येतात, याचं मला फार अप्रूप आहे.) हार्मनीसाठी, म्हणजे स्वर एकत्र रचण्याच्या शास्त्रासाठी, एबीआरएसएम या ब्रिटिश परीक्षा मंडळाच्या थिअरीच्या सहाव्या ते आठव्या ग्रेड किंवा लंडनच्या ट्रिनिटीचे डिप्लोमा.

या वाटेची उणीव स्पष्ट सांगते. इथे तुम्हाला राग मिळेल, पवित्र शास्त्र मिळेल, हार्मनीही मिळेल, पण तिन्ही वेगवेगळ्या खोल्यांत. तुमची स्वरलिपी समोर धरून, उपासनेत हा तुकडा कुठे बसतो, इथे शब्दाच्या आधी संगीत का धावतंय, असं विचारणारा गुरू एका छताखाली मिळणं कठीण. आणि स्वरलिपी वाचून लिहिलेलं लगेच गाऊन दाखवणारा क्वायरही.

नेमकं तेच बाहेर मिळतं. रचनेचा विचार करणाऱ्यांनी स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठाची सेक्रेड म्युझिकमधली (उपासनेच्या संगीतातली) एम.लिट. ही पदव्युत्तर पदवी सर्वांत आधी पाहावी. एका वर्षाची आहे, आणि तिथे रचनाकार आणि थिऑलॉजीचे अभ्यासक एकत्र बसवण्याची परंपरा आहे. संगीतकार जेम्स मॅकमिलन यांनी तिथल्या थिओआर्टिस्ट्री उपक्रमात तरुण रचनाकारांना असंच घडवलं. एक वर्ष म्हणजे घरापासून तुटणं कमी आणि राहण्याचा खर्चही कमी. फी मात्र अंगावर येते. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला अर्ज करता येतो: २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. ज्याला इथेच काम करायचंय, त्याला ही अट जाच वाटू नये. मुंबईतलं जे. एन. टाटा एंडोमेंट परदेशी शिक्षणासाठी कर्जरूप शिष्यवृत्ती देतं, तेही लक्षात ठेवा.

अमेरिकेत नाव येल इन्स्टिट्यूट ऑफ सेक्रेड म्युझिकचं. १९७३ पासून ते येल विद्यापीठात आहे. प्रवेश मिळाला तर शिकवणीची पूर्ण फी शिष्यवृत्तीत जाते, आणि मध्यमवर्गीय घराला ही लहान गोष्ट नाही. पण तिथले मुख्य रस्ते ऑर्गन, क्वायर-संचालन आणि गायन यांचे, किंवा डिव्हिनिटी स्कूल या धर्मशास्त्राच्या शाळेतून संगीत आणि कलांचा अभ्यास. क्वायर उभा करणाऱ्यांसाठी उत्तम. ज्याला मुख्यतः चाली बांधायच्यात, त्याला वळसा पडेल. डलासला सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात पर्किन्स (धर्मशास्त्राची) आणि मेडोज (कलांची) या दोन शाळा मिळून मास्टर ऑफ सेक्रेड म्युझिक देतात. थिऑलॉजी आणि संगीत यांचा तोल तिथे चांगला आहे. डलासलाच डलास इंटरनॅशनल युनिव्हर्सिटीत वर्ल्ड आर्ट्समधली एम.ए. आहे. स्थानिक कलाप्रकारांतून उपासना कशी उभी करायची, हाच तिचा विषय. कीर्तन, भारूड, ओवी घेऊन काम करायचं ज्यांच्या डोक्यात आहे, त्यांनी ती नजरेआड करू नये.

जर्मनीबद्दल बरेच जण उत्साहाने विचारतात, कारण फी कमी. कमी आहे हे खरं. बहुतेक राज्यांत सरकारी संस्था फी घेत नाहीत. बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये युरोपबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो. मात्र व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात) दाखवावे लागतात, हा आकडा सप्टेंबर २०२४ पासूनचा. खरी अडचण पुढेच आहे. तिथला किर्शनम्युझिक हा चर्चमधल्या नोकरीचा अभ्यासक्रम: बी म्हणजे बॅचलर, ए म्हणजे मास्टर, आणि केंद्रस्थानी पायांनीही वाजवायचा पेडलचा ऑर्गन. आपल्याकडे पाइप ऑर्गन फोर्टच्या सेंट थॉमस कॅथेड्रलसारख्या मोजक्याच ठिकाणी. पेटीवर बोटं कितीही फिरत असली तरी पायांना सवय नसेल तर प्रवेशपरीक्षेत टिकाव लागत नाही. वर जर्मन भाषा. ऑर्गन हेच ज्यांचं वाद्य आहे त्यांनी जरूर जावं. बाकीच्यांनी फीकडे पाहून निर्णय घेऊ नये.

रोमची पाँटिफिकल इन्स्टिट्यूट ऑफ सेक्रेड म्युझिक कॅथलिकांसाठी. १९१०ची, पोप दहाव्या पायसच्या काळातली. ग्रेगोरियन गायन आणि रचना यांत खोल जायचं असेल तर तिच्या तोडीचं थोडं. इटालियन हवीच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या उपासनेवरच्या १९६३च्या दस्तऐवजातला ११९वा परिच्छेद आपापल्या लोकांच्या संगीतपरंपरेला उपासनेत जागा द्यायला सांगतो. मिस्सेत, म्हणजे कॅथलिक उपासनेत, मराठी चाली आणू पाहणाऱ्याने तो जवळ ठेवावा.

मराठी मंडळीसाठी रचणाऱ्याला मी असं सांगेन: विशारद पुरं करा, त्याच काळात सेरामपूरचा अभ्यासक्रम आणि थिअरीच्या ग्रेड करा, आपल्या क्वायरला दर सणाला एक तरी नवी रचना द्या. मग सेंट अँड्र्यूज किंवा डलासला अर्ज करा. आज बावीस वर्षांचे असाल तर घाई नाही. इंग्रजी क्वायरसाठी लिहिणाऱ्याने ऐन पंचविशीत सरळ सेंट अँड्र्यूज गाठावं, क्वायरही उभा करायचा असेल तर येल. रागसंगीत नंतर, आवडीने.

अर्जासाठी आजपासूनच जमवा: चार आवाजांची एक पूर्ण रचना, स्टाफ नोटेशनमध्ये (पाश्चात्त्य पाच रेघांच्या लिपीत); भजनाच्या अंगाची एक, भातखंडे किंवा पलुस्कर स्वरलिपीसकट; आणि दोन्हींचं प्रत्यक्ष मंडळीने गायलेलं ध्वनिमुद्रण. मोबाइलवर केलेलं चालेल. पंखे तेवढे बंद करून घ्या.