बेडरूममधला बाथटब: साताऱ्यात हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळा काढल्यानंतर

गेल्या दिवाळीच्या आधी वरच्या मजल्याचं काम काढलं, तेव्हा बेडरूमच्या एका कोपऱ्यात बाथटब बसवून घेतला. आता गणपती तोंडावर आलेत. मधल्या काळात बऱ्याच जणांनी अनुभव विचारला, पण साताऱ्याचा पाऊस पाहिल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

टब हवा होता माझ्या कमरेसाठी. दिवसभर वर्गात उभी असते, संध्याकाळपर्यंत पाठ भरून येते. गरम पाण्यात वीसेक मिनिटं पडून राहिलं की बरं वाटतं. बाथरूम लहान, त्यात साडेपाच फुटी टब बसवला तर बादली ठेवायलाही जागा उरत नव्हती. बेडरूम मात्र ऐसपैस. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "अगं, झोपायच्या खोलीत मोरी कशाला?" प्रश्न अगदी रास्त होता. पुढची सगळी कामं त्याच प्रश्नाभोवती फिरली.

बाथरूमचा स्लॅब मुळातच खाली टाकलेला असतो, त्यामुळे पाइपला उतार मिळतो. बेडरूममध्ये ती सोय नाही. प्लंबरनं माप टाकून सांगितलं, "वहिनी, इथं चौथरा केल्याबिगर पाणी निघायचं नाही." दोन इंची पाइपला साधारण दर चाळीस इंचांना एक इंच उतार लागतो. म्हणजे भिंतीपर्यंत सहा फूट अंतर असेल, तर जवळजवळ दोन इंच तिथंच गेले. त्याखाली ट्रॅप, म्हणजे थोडं पाणी अडवून ड्रेनेजचा वास वर येऊ न देणारा वाकडा भाग, बसवायचा. शेवटी सहा इंचांचा चौथरा करावा लागला.

इथं इंजिनीअरना बोलावलं ते फार बरं झालं. घराच्या खोल्यांचे स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलोचा वापराचा भार धरून काढलेले असतात. आमच्या टबात माणूस बसणार असेल तर १६० लिटर पाणी पुरतं. ते १६० किलो, टब चाळीसेक किलोचा, वर माणूस. एवढा भार सव्वा चौरस मीटरवर येतो, म्हणजे हिशेब काठावरच. त्यात विटांचा भरीव चौथरा घातला असता, तर तो एकटाच टबातल्या पाण्याच्या दुप्पट जड झाला असता. त्यांनी हलके एएसी ब्लॉक वापरायला लावले आणि टब खोलीच्या मध्ये न ठेवता बाथरूमच्या भिंतीलगत, बीमच्या वर घेतला. मासिकांतल्या फोटोंत टब खिडकीसमोर मोकळा असतो. दिसतो सुंदर, पण जुन्या स्लॅबवर इंजिनीअरला न विचारता असं काही करू नका. बाथरूमच्या भिंतीलगत असल्यानं पाइपही कमी लागला. चौथऱ्यावर वॉटरप्रूफिंग करून दोन दिवस पाणी भरून ठेवलं, खालच्या खोलीच्या छताला ओल येत नाही हे पाहिलं आणि मगच टाइल लावल्या.

आता रोजच्या वापराचं. आपली आंघोळ म्हणजे साबण लावून अंग चोळायचं आणि वरून स्वच्छ पाणी घ्यायचं. टबात ते जमत नाही, आपल्याच साबणाच्या पाण्यात बसावं लागतं. त्यामुळे आमच्याकडे नियम असा: आंघोळ बाथरूममध्ये, नेहमीसारखी बादलीनं, आणि टबात फक्त शेकायला बसायचं. जपानमध्येही आधी अंग धुऊनच टबात उतरतात. या एका नियमानं निम्मे त्रास वाचले. टबाला साबणाचा थर बसत नाही, बेडरूममध्ये शाम्पूच्या बाटल्यांची रांग लागत नाही आणि सोडलेलं पाणी झाडांना चालतं. नरकचतुर्दशीला पोरांनी हट्टानं तेल-उटणं लावून टबात आंघोळ केली. तळ इतका निसरडा झाला की त्यांना हात धरून बाहेर काढावं लागलं आणि जाळीत उटण्याचा चिखल साचला. अभ्यंगस्नान बाथरूममध्येच करा.

गरम पाण्याचा हिशेब आधी करा. हिवाळ्यात नळाचं पाणी २० अंशांच्या आसपास असतं. गीझरमधलं ६० अंशांचं पाणी त्यात निम्म्यास निम्मं मिसळलं की ४० अंश होतं. म्हणजे टबासाठी ८० लिटर कढत पाणी हवं. २५ लिटरच्या गीझरवर टबाचा तिसरा हिस्साही भरत नाही. आमच्याकडे सोलर आहे म्हणून निभावलं. विजेवर तापवलं तर एका वेळेला पावणेचार युनिटच्या आसपास जातात.

डिसेंबर-जानेवारीत टबानं खरं सुख दिलं. अजिंक्यताऱ्यावरून गार वारा सुटलेला, आणि पाण्यातून उठून चार पावलांवर पांघरूण. बाथरूममधून कुडकुडत यावं लागत नाही, हा बेडरूममधल्या टबाचा खरा फायदा. मात्र नवरा लवकर झोपणारा असेल तर नऊच्या आत आवरावं लागतं, कारण भरताना आणि त्याहून जास्त रिकामा होताना आवाज येतो.

उन्हाळ्यात टब बंद होता. गरम पाण्यात बसायची इच्छाच होत नाही, आणि दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात, आणि टबाचं एक भरणं त्याहून जास्त. माझं माहेर माण तालुक्यातलं. टँकर आला की घागरी घेऊन धावणारी माणसं मी पाहिली आहेत. कासचं पाणी घरात येतं म्हणून मे महिन्यात टब भरणं मला पटत नाही. हिवाळ्यातलं पाणीही आम्ही वाया घालवत नाही. पाइपला भिंतीबाहेर दोन तोंडं काढून व्हॉल्व्ह बसवलाय. एक तोंड ड्रेनेजला, दुसरं परसातल्या केळी-पपईला. वापर बंद असताना ट्रॅपमधलं पाणी मात्र सुकतं आणि ड्रेनेजचा वास थेट उशाशी येतो. आठवड्याला तांब्याभर पाणी आत ओतायला विसरू नका.

खरी परीक्षा पावसाळ्यात झाली. यवतेश्वराच्या डोंगरावरून ढग खाली उतरले की इथं वाळत घातलेले कपडे चार-चार दिवस ओलसर राहतात. त्यात खोलीत टबाची वाफ. जुलैमध्ये एकदा टब भरला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटाच्या आरशावर बोटानं रेघ ओढता येत होती. कपाट भिंतीला चिकटून होतं, त्याच्या मागच्या प्लायवर आठवड्याभरात हिरवट बुरशीचे ठिपके आले. रेशमी साड्या लगेच दुसऱ्या खोलीत हलवल्या. नंतर टबावरच्या भिंतीत सहा इंची एक्झॉस्ट फॅन बसवला, बाहेरून झडप असलेला. पाणी सोडल्यावरही तो तासभर चालू ठेवते आणि दाराखालून हवा आत यायला फट ठेवली आहे, कारण आत हवा येत नसेल तर फॅन नुसताच फिरतो. कपाटही भिंतीपासून चार बोटं पुढं ओढलं. बुरशी पुन्हा आली नाही, पण पावसाळ्यात आठवड्यातून एकदाच टब भरते, तेही ऊन पडेल त्या दिवशी. ढगाळ दिवसांत सोलरही पाणी तापवत नाहीच.

म्हणून माझा सल्ला असा की पैसे आधी फॅन, वॉटरप्रूफिंग आणि उतारावर घाला आणि टब उरलेल्या पैशांत घ्या. टबाजवळ स्विचबोर्ड ठेवू नका आणि त्या सर्किटला आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, बसवाच. घरात लहान मूल असेल तर पाणी भरून क्षणभरही खोली सोडू नका. वीतभर पाणीसुद्धा बाळाच्या जिवावर बेतू शकतं.

आई-वडिलांच्या गुडघ्यांसाठी टब घ्यायचा विचार असेल तर तो सोडून द्या. सासूबाईंना शेकाची सर्वांत जास्त गरज आहे, पण चौथरा धरून काठ जमिनीपासून अडीच फुटांवर जातो, आणि तिथून ओल्या पायांनी त्यांना उतरवायची माझी हिंमत होत नाही. त्यांच्यासाठी बाथरूममध्ये भिंतीला पकडायची दांडी, बसायला रुंद स्टूल आणि हँड शॉवर लावलाय. टबाच्या मानानं खर्च नगण्य, आणि त्याचा वापर रोज होतो.