स्किफला जॅक प्लेट बसवायची का? मॅन्युअल आणि हायड्रॉलिक दोन्ही वापरून झाल्यावर

16-17 फुटी हलकी स्किफ (उथळ पाण्यात चालणारी छोटी बोट) आहे आणि जॅक प्लेटवर (मोटर वर-खाली करायचा ब्रॅकेट) पैसे घालू की नको असं चाललंय, त्यांच्यासाठी लिहितोय. मी टेक्सासमध्ये कॉर्पस क्रिस्टीला असतो, मासेमारी सगळी लगूना माद्रेमध्ये, तिथं पाणी सरासरी जेमतेम मीटरभर आणि खाली सगळं गवत. माझ्या बोटीवर 60 एचपीची मोटर आणि 4 इंच सेटबॅकची (म्हणजे मोटर तेवढी मागे नेणारी) मॅन्युअल प्लेट आहे, मित्राच्या टनेल हलवर (तळाला मागे खाच असलेली बोट) हायड्रॉलिक, म्हणजे पंपावर वर-खाली होणारी, आहे, तीही भरपूर चालवलीय.

ट्रान्सम (बोटीची मागची भिंत) आणि मोटरच्या मध्ये हा ब्रॅकेट बसतो. मोटर थोडी मागे जाते आणि सरळ वर-खाली करता येते. नुसत्या ट्रिमने (मोटर कलती करून) पण प्रॉप (मोटरचा पंखा) वर येतो, पण तो तिरका होतो, जोर वाया जातो. प्लेटवर प्रॉप सरळच राहतो, शिवाय बोटीच्या मागे पाणी जरा वर उसळतं त्यामुळे मोटर वर घेतली तरी प्रॉपला पाणी मिळतं. प्लेनवर असताना (वेगात बोट उचलून पाण्यावरून घसरते तेव्हा) याचा फरक खरंच जाणवतो, मस्त वाटतं.

पण बोट थांबली की गणित उलटं. मोटर मागे गेली, त्यात हायड्रॉलिकच्या पंपाचं वजन, मागची बाजू खाली बसते. तुम्ही काठीने बोट ढकलत (पोलिंग) रेडफिश माशाच्या मागे जाणारे असाल तर थांबलेल्या बोटीला किती पाणी लागतं तेच महत्त्वाचं, आणि तिथं ही प्लेट तोट्याचीच. म्हणून छोट्या पोलिंग स्किफला हायड्रॉलिक मी तरी सुचवणार नाही, हजार डॉलरच्या वर जातात ते वेगळंच. मॅन्युअल काहीशे डॉलरमध्ये होते. बोल्ट सैल करायचे, अर्धा इंच वर घ्यायची, परत आवळायचे, एक चक्कर मारून बघायची. वळणावर आरपीएम एकदम चढला आणि बोट पुढे सरकेना तर प्रॉप हवा खातोय, अर्धा इंच खाली घ्या. कप असलेला (पात्यांची कड वळवलेला) प्रॉप लावलात तर जरा जास्त वर चालतं.

वॉटर प्रेशर गेज मात्र लावाच लावा!! मोटर फार वर गेली की गिअरकेसची (मोटरच्या खालच्या भागाची) पाणी ओढायची भोकं उघडी पडतात, पाण्याच्या पंपाचा इंपेलर कोरडा फिरतो आणि मोटर तापते. काटा पडला की लगेच खाली.

आणि कृपा करून प्लेट आहे म्हणून गवतावरून प्लेनवर चढू नका, प्लेनवर यायला पाणी जास्तच लागतं, प्रॉप तळ खणतो आणि टर्टल ग्रास या समुद्री गवतातले ते चर भरायला वर्षं जातात. 1 सप्टेंबर 2013 पासून टेक्सासमध्ये प्रॉपने समुद्री गवत उपटणं बेकायदेशीर आहे. खोल खड्डा बघून तिथंच प्लेनवर या.

हायड्रॉलिक कुणी घ्यावी? टनेल हल, मोठी मोटर, एकाच फेरीत खोल चॅनेल आणि उथळ फ्लॅट दोन्ही, त्यांनी. बाकीच्यांनी मॅन्युअल 4 इंच. ऑर्डर देण्याआधी स्टीअरिंगची केबल किंवा होज मागे सरकलेल्या मोटरला पुरते का ते मोजा, आणि ट्रान्समची भोकं मरीन सीलंटने नीट बंद करून घ्या, नाहीतर ट्रान्समच्या आतला कोअर (भरणा) भिजतो.