आईच्या कार्डाची बटणं: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आईचं पेन्शन ज्या खात्यात जमा होतं, त्याच्या डेबिट कार्डावरचा ऑनलाइन वापर मी आठ महिन्यांपूर्वी बंद केला. बँकेच्या ॲपमध्येच सोय आहे. एटीएम, दुकानातलं मशीन, ऑनलाइन, परदेश, टॅप करून पैसे देणं, प्रत्येकाचं बटण वेगळं आणि मर्यादाही वेगळी. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे ऑक्टोबर २०२० पासून बँकांना ही सोय द्यावीच लागते, आणि नवीन कार्डावर ऑनलाइन वापर मुळात बंदच असतो. आईच्या कार्डावर कधीतरी रेल्वेचं तिकीट काढताना मीच तो चालू केला होता. तो तसाच राहिला, दिवसाला एक लाखाच्या मर्यादेसह. आता ऑनलाइन, परदेश आणि टॅप बंद, एटीएममधून दिवसाला दहा हजार.

तिसऱ्या महिन्यात मेसेज आला: बिल अपडेट नाही, रात्री साडेनऊला लाइट कापणार. खाली एक मोबाइल नंबर. आईने फोन लावला. समोरचा माणूस मराठीत, अगदी आदराने बोलला. लिंक पाठवतो, फक्त बारा रुपये भरा म्हणाला. आईने कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे, सगळं भरलं. लगेच बँकेचा मेसेज: कार्डावर ऑनलाइन वापर बंद असल्याने व्यवहार नाकारला. रक्कम बारा नव्हे, अठ्ठेचाळीस हजार रुपये होती.

माझ्या आईने तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय. ती भोळी नाही. पण बाबांचं ऑक्सिजनचं मशीन विजेवर चालतं, आणि लाइट जाणार म्हटल्यावर तिला दुसरं काही सुचलं नाही. महावितरण असे मेसेज कुणाच्या वैयक्तिक नंबरवरून पाठवत नाही, हे शांतपणे आठवायची ती वेळच नव्हती. म्हणून 'सावध राहा' एवढंच सांगणं मला आता अपुरं वाटतं. माणूस घाबरलेला असतानाही ते बटण बंदच होतं, माझ्या लेखी याचं मोल फार मोठं आहे. २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाप्रमाणे आपणच ओटीपी किंवा पिन दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपल्यालाच सोसावं लागतं. आम्ही त्याच रात्री कार्ड ब्लॉक केलं आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करून कळवलं.

उणिवाही आहेत, आणि त्या लहान नाहीत. कार्डाची बटणं यूपीआयला लागू होत नाहीत. त्यासाठी आईला दुसऱ्या बँकेत छोटं खातं उघडून दिलं. यूपीआय फक्त त्याला जोडलंय आणि त्यात मी महिन्याला पाच हजार टाकते. पेन्शनचं खातं यूपीआयला जोडलेलंच नाही. दुसरं, कुणी लग्नपत्रिका किंवा चलान म्हणून एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल पाठवली आणि ती फोनमध्ये बसली, तर चोर फोनच ताब्यात घेऊ शकतो. मग त्याला तीच बटणं चालूही करता येतील. म्हणून बँकेचं ॲप आईच्या व्हॉट्सॲपच्या फोनवर नाही, घरातल्या जुन्या फोनवर आहे. थोडा त्रास होतो, पण चालतं. तिसरं, ब्लॉक केल्यावर जे नवीन कार्ड आलं त्यावर एटीएमची मर्यादा पुन्हा बँकेने ठरवलेली, चाळीस हजार. तशी सूचना कुठेच नव्हती. कार्ड बदललं की सगळं पुन्हा तपासा.

सगळ्यात जास्त राग येतो तो भाषेचा. ॲप मराठीत केलं तरी बटणांच्या पानावरचे शब्द इंग्रजीच राहतात. 'ई-कॉम' म्हणजे ऑनलाइन वापर, हे सत्तरीच्या बाईने कसं ओळखायचं? शाखेत दोनदा लेखी दिलं, अजून उत्तर नाही. तोवर मी प्रत्येक बटणाचा अर्थ वहीच्या पानावर मराठीत लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. मागच्या आठवड्यात आईने त्यावरूनच तिकिटासाठी ऑनलाइन वापर चालू केला, काम झाल्यावर बंद केला आणि मला फोन करून सांगितलं.